लातूर ते मिरामार: ११३ किलोमीटरच्या नोंदी

रविवार, २ मार्च २०२५. नाव नोंदवलं

गोव्याची आयर्नमन ७०.३. तारीख ९ नोव्हेंबर, जागा पणजीचा मिरामार किनारा. पैसे भरले, पावती आली. ७०.३ हा आकडा मैलांचा. आपल्या हिशेबात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, एकामागून एक, मिळून ११३. मध्ये कपडे-बूट बदलायला जो वेळ लागेल तोही घड्याळात धरला जातो.

कार्यालयात समजावून सांगताना दमछाक झाली. शेवटी "मिलिंद सोमणनं केली होती ती" म्हटलं आणि सगळ्यांना कळलं. त्यांनी २०१५ मध्ये झ्युरिकला केली ती पूर्ण अंतराची, ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर, तेही वयाच्या ४९व्या वर्षी. माझी निम्मी. "निम्मीच ना मग," म्हणून मंडळी आपापल्या फायलींकडे वळली.

मी तलाठी. आता हुद्द्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून कुणी तसं हाक मारत नाही. नोंदी ठेवायची सवय नोकरीचीच, म्हणून ही वही.

वेळेची बंधनं अशी: पोहणं १ तास १० मिनिटांत. सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास. सगळं मिळून साडेआठ. उलटं गणित मांडलं. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. त्यानंतर सायकलसाठी कपडे-बूट बदलायला दहा मिनिटं धरली तरी ताशी २२ किलोमीटरनं सायकल हाणली की भागतं. शेवटी धावायला तीन तास उरले तर किलोमीटरला साडेआठ मिनिटं मिळतात, ते मला जमतं. अर्ध मॅरेथॉन मी पळालेली आहे.

जमेच्या बाजूला पाय आणि ऊन. बाकीच्या बाजूला सायकल आणि पाणी.

रविवार, ९ मार्च. पाणी कुठं आहे

लातूरमध्ये राहून पोहायची शर्यत धरायची म्हणजे आधी पाणी शोधणं आलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्यासाठी पाणी आलं होतं. त्याआधी टाक्यांवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी झाडाला, झाडाखालचा ओलावा चिमण्यांना, असं चाललं होतं. पोहणं हा शब्दच कुणाच्या डोक्यात नव्हता. यंदा मार्चमध्ये तरी नळाला पाणी आहे.

पर्याय पाहिले. शहरातला २५ मीटरचा तलाव: महिलांची एकच बॅच, ती नेमकी मी कार्यालयात असते त्या वेळी. सकाळच्या कौटुंबिक बॅचला नवऱ्याबरोबर गेलं तर चालतं. नवऱ्याला पोहता येत नाही, तो काठावर पेपर वाचायला तयार आहे. धरणं: मांजरा लांब आहे, आणि धरणात एकटीनं उतरणं मला मान्य नाही. विहिरी: माहेरची विहीर चांगली पाच परस खोल आहे, पण मार्चमध्ये पाणी तळाला, आणि रुंदी इतकी कमी की चार हात मारले की भिंत. उरलं शेततळं. दादाच्या शेतात आहे. त्याच्याशी बोलायचंय.

पोहायला मी त्याच विहिरीत शिकले. आजोबांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ढकललं होतं. आमच्या वाडीतल्या मुलींमध्ये मीच, कारण आजोबांना नातू उशिरा झाला. मुटका मारता येतो, तासभर तरंगता येतं. पुढं जाणं मात्र कधी लागलंच नाही. विहिरीत जायचं कुठं?

रविवार, ३० मार्च. तलावावर

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, डोकं वर काढून पोहलात तर पाय बुडणारच." विहिरीत सगळे डोकं वर ठेवूनच पोहतात, कारण वरून कोण उडी मारतंय ते बघावं लागतं. आता तोंड पाण्यात, श्वास पाण्यात सोडायचा, घ्यायला फक्त बाजूला वळायचं. ऐकायला सोपं. पण डोक्याला वाटतं हवा साठवून ठेवावी, आणि छाती भरलेली असली की नवा श्वास आत येतच नाही. बुडण्याची भीती बहुतेक इथूनच येते. फुप्फुस भरलेलं असतं आणि माणूस आणखी हवा ओढत राहतो.

आठवडाभर सरांनी नुसते बुडबुडे काढायला लावले. मग काठाला धरून पाय. मग पायात फोमचा ठोकळा धरून नुसते हात. शेजारच्या पट्ट्यात गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या काकू पाण्यात चालत असतात. त्यांनी माझी चौकशी केली, गोव्याचं ऐकलं आणि विचारलं, "तिथं बक्षीस किती असतं?" आमच्यासारख्यांना पदक आणि टॉवेल, असं सांगितल्यावर त्यांचा रस संपला.

२५ मीटरच्या तलावात १९०० मीटर म्हणजे ७६ लांब्या. सध्या सलग चार झाल्या की काठ धरते.

रविवार, १३ एप्रिल. सायकल

पुण्याहून जुनी रोड सायकल आणली. ॲल्युमिनियमची चौकट, समोर ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे सर्वांत मोठी ३२. तुळजापूरच्या बाजूचे चढ बघून मागची मोठी चकती मुद्दाम मागून घेतली. विकणारा म्हणाला, गोव्याला इतकी लागणार नाही. गोव्यात एक दिवस चालवायचीय, इथं सात महिने.

इथल्या रस्त्यांवर पंक्चरचं कारण खिळा नसतो. वेडी बाभूळ असते. कडेची झाडं छाटतात आणि फांद्या खांद्यावरच टाकतात, महिनाभरानं वाळलेला काटा बरोब्बर टायरच्या मध्यावर उभा राहतो. जवळ दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, हातपंप. काटा निघाला तरी टायरच्या आतून बोट फिरवून पाहायचं. टोक तुटून आत राहिलेलं असतं आणि नवी ट्यूब दोन किलोमीटरवर बसते.

सकाळी साडेपाचला औसा रस्त्याला लागते. हेल्मेट, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. माझ्याच सज्जातले, म्हणजे माझ्याकडच्या गावांतले, एक आजोबा म्हशी घेऊन निघाले होते. ओळखायला वेळ लागला, मग म्हणाले, "मॅडम, गाडी बंद पडली का वो? कुठं निघालाव?" खरं सांगितलं. पुढच्या वेळी फेरफाराचं काम घेऊन आले तेव्हा कामाआधी दहा मिनिटं सायकलच्या किमतीवर गेली.

रविवार, २७ एप्रिल. शेततळं

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण मराठवाड्यात ज्याला मोकळ्या पाण्यात सराव करायचाय तो शेवटी इथंच येणार.

दादाचं तळं योजनेतलं, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, खाली ५०० मायक्रॉनचा काळा कागद. मापं वरच्या कडेची. बाजू उतरत्या, त्यामुळे पाणी दीड मीटर खाली गेलं की लांबी २७ मीटरच उरते. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी उपसून तळ्यात ठेवलेलं असतं, केशर आंब्याच्या बागेसाठी. म्हणजे दादाच्या हिशेबात मी त्याच्या आंब्यात पोहते.

धोका पाण्याचा नाही, कागदाचा आहे. ओला कागद आणि त्यावर शेवाळ, त्यावर पाय ठरत नाही, बोट रुतत नाही. चांगला पोहणारासुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही, आणि चढायची धडपड करत दमतो. शेततळ्यात गेलेल्या पोरांच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा प्रकरणांचे कागद माझ्या हातून गेलेले आहेत, त्यामुळे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

आम्ही केलं ते असं. समोरासमोरच्या दोन काठांवर लोखंडी खुंट ठोकले. प्रत्येकाला जाड नायलॉनचा दोर, त्याला हातभर अंतरावर गाठी, टोक पाण्यात खोलवर सोडलेलं. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब दोरीनं बांधून पाण्यावर. आणि काठावर माणूस, मी पाण्यात असेपर्यंत हलणार नाही असा. हे काम वहिनीनं अंगावर घेतलं. तिला पोहता येत नाही, म्हणूनच ती मोबाईल बघत नाही. दादाला बसवलं होतं तर तो ठिबकचा व्हॉल्व्ह बघायला निघून गेला.

२७ मीटरला वळत बसलं की पोहणं कमी आणि वळणंच जास्त. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून एकाला एक गाठल्या, एक टोक कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खुंटाला. आता हात मारत राहायचं, पुढं जायचं नाही. वीस मिनिटं, मग थोडी विश्रांती, परत. समोर बघायचा सरावही यातच होतो. सहा-आठ हातांनी डोळे नुसते पाण्याच्या वर आणायचे, खूण पकडायची, लगेच बाजूला श्वास. माझी खूण डीपीचा खांब. तलावाच्या तळाला काळी रेघ असते, तिच्यामुळे सरळ जाणं फुकट मिळतं. इथं पाणी हिरवं, स्वतःचा हातसुद्धा कोपरापर्यंतच दिसतो. पहिल्यांदा घसा आवळल्यासारखा झाला. मग बुडबुडे. सरांचा आठवडा इथं वसूल झाला.

रविवार, ११ मे. घाम मोजला

धावायच्या आधी वजन, नंतर अंग पुसून वजन, मध्ये प्यायलेलं पाणी मिळवायचं. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. सकाळी सातच्या उन्हात तासाला माझा लिटरभर जातो. दुपारी तपासायची गरज वाटली नाही.

आता खाण्याचं गणित. एवढ्या लांबच्या शर्यतीत तासाला निदान ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, सरावलेले लोक ९० पर्यंत जातात. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. ते जुलाबासाठी बनवलंय. मिठाची भरपाई होते, पायांना काही मिळत नाही. ओआरएसवर सायकल चालवणारे चाळीसाव्या किलोमीटरला चक्कर आली म्हणून बसतात ते यामुळेच.

जेलच्या पुड्या महाग, आणि उन्हात त्यांची चव औषधासारखी. मी पाऊण लिटरच्या बाटलीत १२ चमचे साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू घातलं. साठ ग्रॅम झाले. सासूबाई साखरेचा डबा इतक्या वेगानं रिकामा होताना पाहून आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या, गूळ घाल, उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणीच देतो. करून पाहिलं. चव छान, पण बाटलीचं तोंड दोन दिवसांत चिकटून बसतं आणि मुंग्या येतात. गूळ घरी परतल्यावर, साखर रस्त्यावर, अशी वाटणी झाली. सोबत राजगिऱ्याचे लाडू. शेंगदाण्याची चिक्की बंद केली. स्निग्ध पदार्थ हळू पचतात, आणि धावताना ते जाणवतं.

बुधवार, २८ मे

मे महिना पावसानं खाल्ला. २६ तारखेला पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. इकडेही रानात चिखल. उन्हाचा सराव करायचा होता, छत्री घेऊन फिरतेय. दादाचे आंबे गळाले.

रविवार, २२ जून. उजनी

लातूर-औसा-उजनी आणि परत, जवळपास नव्वद भरतात. सोलापूरकरांची धरणाची उजनी वेगळी, ही आमची बासुंदीची. रस्ता नागपूर-तुळजापूर महामार्गाचा, खांदा रुंद, डांबर चांगलं. आणि वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. जाताना ताशी अठराला घाम निघतो, येताना पायांवर जोर न देता अठ्ठावीस. सरासरी बघून खूश होऊ नये, पण मी झाले.

वाऱ्यात खाली वाकून बसायला शिकतेय. ताशी पंचवीसच्या पुढं निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते, म्हणून कोपर आत, पाठ सपाट. तासाभरानं मान धरते. दर दहा मिनिटांनी गजरासारखं घड्याळ वाजतं तेव्हा दोन घोट, एक घास. भूक लागायची वाट बघायची नाही.

बासुंदीच्या हॉटेलासमोर वळसा घ्यायचा होता. थांबले. अर्धी वाटी. कर्बोदकांमध्ये धरली, दुधाचं काय ते पोट बघेल म्हटलं. पोटानं औशापर्यंत बघितलं.

दोन्ही बाजूंना पेरण्या चालल्या होत्या. सोयाबीन, सोयाबीन, मध्येच तुरीचं एखादं रान. परत येताना ट्रॅक्टरवरच्या पोरानं मोबाईलवर माझं चित्रीकरण करत एक किलोमीटर सोबत केली.

रविवार, २० जुलै. उतरून धावणं

सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायचं. पहिला किलोमीटर पाय आपले नसतात. मांड्यांना गोल फिरायची सवय लागलेली, आणि वेगाचा अंदाज चुकतो. सावकाश वाटतं आणि घड्याळ भलतंच दाखवतं. म्हणून लांब सायकलनंतर दर वेळी अर्धा तास तरी धावायचं.

भाचा सोबत असतो. तो कधी कुठल्या शर्यतीत पळाला नाही, पण दर नवरात्रात मंडळाच्या पोरांबरोबर तुळजापूरहून गावापर्यंत ज्योत घेऊन धावतो, अनवाणी, आळीपाळीनं, रात्रभर. मागे टेम्पो, त्यात दमलेली पोरं आणि संबळ. त्याला मी किलोमीटरला किती मिनिटं ते विचारलं तर म्हणाला, "मावशी, ज्योत विझू नये इतकंच." ज्योत जोरात पळवली की वाऱ्यानं विझते. त्यामुळे ही पोरं सगळी रात्र एका चालीनं पळतात. पहिल्या पाच किलोमीटरात उसळणाऱ्या शहरी पळणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

आज शहरातल्या सायकल चालवणाऱ्या मुलांबरोबर गेले होते. ती एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात, पुढचा वारा कापतो. माझ्या शर्यतीत तसं चालत नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर लांब राहायचं, त्या अंतरात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून जायचं, नाहीतर पाच मिनिटं दंडाच्या तंबूत. पुढच्या खेपेपासून एकटीच जाणार.

रविवार, १७ ऑगस्ट

तलावात १९०० मीटर, न थांबता, १ तास ४ मिनिटं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना

पाऊस थांबत नाही. पहाटे कामासाठी निघाले तर औसा रस्त्यावर ज्योत घेऊन पोरं येताना दिसली. ज्योतीवर पत्र्याचा डबा कापून टोपी केलेली, अंगावर खताच्या पोत्यांच्या खोळी. गाडी बाजूला घेऊन त्यांना जाऊ दिलं.

प्रशिक्षणाच्या तक्त्यात या आठवड्यात सर्वांत लांब सायकल होती.

रविवार, २८ सप्टेंबर

शर्यतीची नोंद नाही.

एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की आम्ही त्याला अतिवृष्टी म्हणतो. या महिन्यात तो आकडा इतक्या वेळा ओलांडला गेला की लोकांनी विचारणं सोडलं. तेरणा, मांजरा पात्र सोडून रानात. धाराशिव, बीडकडून येणारे फोटो त्याहून वाईट. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली, शेंगांना उभ्या झाडावर मोड. नदीकाठची काही रानं पिकासकट, मातीसकट गेली. खाली मुरूम दिसतोय. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं की मदतीला पात्र. पाण्यात बुडालेल्या रानात उभं राहून टक्के लिहायचे.

गुडघाभर पाण्यातून बांधावर गेले तेव्हा एक शेतकरी, ज्यांना माझं पोहणं माहीत आहे, आपल्या रानाकडे हात करून म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी तळं केलंय बघा." आणि हसले. मला हसता आलं नाही, तर तेच म्हणाले, "लिवा, लिवा. पाऊस उघडलाय तवर लिवून घ्या."

तालुक्याला कुणीतरी सुचवलं, तुम्ही पोहता, बचावाच्या पथकात जा. स्पष्ट नाही म्हटलं. शेततळ्यात कमरेला ट्यूब बांधून पोहणाऱ्या बाईचं पुरात काही काम नाही. वाहत्या पाण्यात झाडं, तारा, कुंपणं येतात. ते शिकलेल्या लोकांचं, होड्यांचं काम.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काल कोजागरी. तुळजापूरला जाणारे लोक अजून रस्त्यानं चालत होते. रानं खरवडून गेलेलेही त्यात होते, विचारलं तर म्हणाले, दरवर्षी जातो. आज सरकारनं मदतीचं पॅकेज जाहीर केलं. याद्या, खाती, केवायसी. रात्री दहानंतर घरात जागेवर पळते, म्हणजे जिन्यावर. सासूबाईंना वाटलं मांजर आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर. जायचं की नाही

तीन आठवडे पोहणं नाही. दादाच्या तळ्यात बांधावरचा गाळ वाहून आलाय, पाणी चहाच्या रंगाचं. रस्त्याच्या एका पट्ट्यावर वाचलेलं सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून सायकल घसरते आणि त्यांच्या दाण्यावरून जायची मला लाजही वाटते.

न जाण्याचा विचार दोन दिवस केला. वहिनीशी बोलले. ती म्हणाली, "तुम्ही गेलाव न्हाई म्हणून कुणाचं सोयाबीन उभं राहणाराय का?" एवढंच. तिला दिवाळीचं करायचं होतं, फोन ठेवला.

तक्ता नव्यानं मांडला. तीन आठवड्यांत दम फारसा वाढत नाही, उगाच ओढलं तर दुखापत मात्र होते. तेव्हा पोहायला प्राधान्य, तलावात, आठवड्यात जितक्या सकाळी मिळतील तितक्या. लांब सायकल एकदाच. शेवटच्या आठवड्यात काम निम्म्यावर.

उन्हाचंही बघायचंय. अंगाला उष्णतेची सवय दहा ते चौदा दिवसांत लागते, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, आणि सोडली की काही आठवड्यांत जाते. माझी गेली. शिवाय आमचं ऊन कोरडं, घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. गोव्यात तो वाळतच नाही, नुसता गळतो. म्हणून धावण्याचा वेग आधीच कमी लिहून ठेवला.

बुधवार, ५ नोव्हेंबर. रजा

काल नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली, २ डिसेंबरला मतदान. रजेचा अर्ज सप्टेंबरच्या आधीपासून टेबलावर होता. साहेबांनी फोन चालू ठेवायच्या अटीवर तीन दिवस दिले. पोहताना कसा चालू ठेवणार, असं त्यांनीच विचारलं आणि सही केली.

शनिवार, ८ नोव्हेंबर. मिरामार

सोलापूर, विजापूर, बेळगाव करत चोर्ला घाटातून उतरलो. मागच्या सीटवर लेक आणि सायकलचं पुढचं चाक.

सायकल आजच लावून यायची. निळ्या पिशवीत पोहल्यानंतरचं सामान: हेल्मेट, बूट, गॉगल, क्रमांकाचा पट्टा. लाल पिशवीत धावण्याचं. पिशव्या रात्री तिथंच राहतात, म्हणून दर वस्तू क्रमानं बोलत भरली. टायरमधली हवा थोडी कमी केली, दुपारच्या उन्हात रांगेत ट्यूब फुटायला नकोत.

समुद्रात पंधरा मिनिटं उतरले. २४.५ अंशांच्या वर पाणी असलं की रबरी सूट चालत नाही, आणि इथलं पाणी त्याहून कितीतरी कोमट. खारं पाणी उचलून धरतं, पाय आपोआप वर येतात. तलावात महिनाभर ज्यासाठी झगडले ते इथं मिठानं करून दिलं. लाटांचं मात्र वेगळं. श्वासाला वळले आणि तोंडात खारट पाणी आलं. दुसऱ्या बाजूनं श्वास घेता येत असेल तर प्रश्न सुटतो. सरांनी दोन्ही बाजू करून घेतल्या होत्या. मानेला व्हॅसलीन भरपूर लावायचं, मिठानं कातडी सोलते.

रविवार, ९ नोव्हेंबर. शर्यत

पोहणं १ तास १ मिनिट. सायकल ३ तास ५२. धावणं २ तास ४७. बदलायला एकदा नऊ, एकदा सात मिनिटं. एकूण ७ तास ५६.

सगळे एकदम सोडत नाहीत, थोडे थोडे सोडतात, मी मुद्दाम शेवटच्या घोळक्यात राहिले. मधल्या टप्प्यात घसा आवळला. कयाकला धरून थांबायची मुभा असते, पुढं ओढून घ्यायचं नाही एवढाच नियम. धरलं, चार वेळा लांब श्वास सोडला, निघाले. डीपीच्या खांबाच्या जागी केशरी फुगा.

सायकलवर काही विशेष घडलं नाही, हे विशेष. काटे नाहीत, कुत्री नाहीत. दहा मिनिटांनी घड्याळ वाजलं की प्यायचं. १२ मीटरचं अंतर राखताना पुढच्या बाईचा क्रमांक पाठ झाला.

धावताना बाराव्या किलोमीटरपासून ऊन लागलं. टोपीत बर्फ, मनगटांवर बर्फ, पाण्याच्या टेबलापाशी चालायचं, पुढं धावायचं. भाच्याची चाल आठवून तशीच ठेवली. खूप जण पुढं गेलेले पुढच्या फेरीत चालताना दिसले. साखरपाणी शेवटी नकोसं झालं, तेव्हा टेबलावरचा कोला घेतला, तो बरा लागला.

लेकीनं कठड्यापाशी विचारलं, "आई, साहेबांचे दोन मिस्ड कॉल आहेत, उचलू का?" अजून चार किलोमीटर होते. उचलू दिला.

रविवार, २३ नोव्हेंबर

नखं दोन काळी. बाकी ठीक. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला उभं राहणं जमतंय.

सज्जात विचारणारे दोन प्रकारचे. एक, पैसे किती मिळाले. दुसरा, आमच्या पोरीला शिकवाल का. दुसऱ्यांना सांगितलंय, शिकवेन, पण तलावात, शेततळ्यात नाही. शेततळ्यात उतरायचं तर आधी दोर, ट्यूब आणि काठावर न हलणारा माणूस दाखवा.

आज दादाकडे गेले होते. गाळ काढलाय, हरभऱ्याला पाणी द्यायला तळं पुन्हा भरतोय. मी खुंट उपसायला लागले तर वहिनी म्हणाली, राहू द्या तिथंच, परवा शेळी पडली होती, दोराजवळ होती म्हणून हाताला लागली. दादाला म्हणाली, उरलेल्या दोन काठांवरही ठोका. तो म्हणाला, उद्या. वहिनीनं हातोडा आणून दिला.